भित्रेकाका आणि आठ अक्षरांची नावं

माझे बाबा वारा बघायचे ते होडी काढायची की नाही हे ठरवायला. भित्रेकाका वारा बघायचे ते वेळ आलीच तर कुठे पळायचं हे ठरवायला. दोघांची गाठ कधी पडली नाही. पडली असती तर जमलं असतं असं मला अजून वाटतं.

आधी बाबांचं सांगते. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून आमचं कोळ्यांचं गाव. खाडीत प्रत्येक घराचे जाळं बांधायचे खुंट ठरलेले असायचे आणि खुंटाच्या डोक्यावर ज्याची त्याची खूण कोरलेली असायची. आमच्या खुंटावर तीन आडव्या चिरा. मी सातवी-आठवीत असताना खाडीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. आई पाटी भरून बाजारात जायची, गिऱ्हाईक बोईट हातात घ्यायचं, नाकाजवळ न्यायचं आणि परत पाटीत ठेवायचं. "मावशी, औषधाचा वास येतोय गं." आई भरली पाटी तशीच डोक्यावर घेऊन घरी यायची. मग तेच मासे आम्ही खायचो. पुढे पुढे दारातलं मांजर त्यांना तोंड लावेना, तेव्हा आम्हीही सोडले. बाबा रेतीच्या होडीवर मजुरीला जायला लागले. बुडी मारून तळाची रेती बादलीने वर काढायची. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कानातून पाणी यायचं, कधी पाण्याबरोबर रक्त. आई गरम तेलाचा बोळा धरून बसायची आणि मी त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसायचे. बाबांना एवढंच बघायचं असायचं, की मी पुस्तक घेऊन बसलेय.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या गावातली पहिली मुलगी. हे मी जिथे तिथे सांगते आणि सांगणार. मग ठाण्याला बसने जाऊन कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केला आणि नोकरी लागली ती मानपाड्याला, रंग बनवणाऱ्या एका केमिकल कंपनीत. बाबा खाडीला खारी म्हणायचे. ते म्हणाले, "ज्यांनी खारी नासवली, त्यांच्याकडंच चाललीस?" मी म्हटलं, "दुसरं कोण घेतंय मला?" बाबांच्या त्या प्रश्नाची मला कारखान्याच्या गेटात शिरताना रोज आठवण यायची. तिथेच मला भित्रेकाका भेटले.

हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. प्लँटमधले ते सगळ्यात जुने ऑपरेटर. उंच, वाळके, चष्म्याला मागून सुतळी बांधलेली, नखं कायमची पिवळी. गेटाजवळच्या खांबाला त्यांनी स्वतःच्या जुन्या धोतराची एक पट्टी बांधलेली होती. सकाळी आत आले की आधी पट्टीकडे बघायचे, मग समोर जो येईल त्याला सांगायचे, "आज पळायचं झालं तर मागचं गेट." सगळे हसायचे. कुणी मुद्दाम विचारायचं, "काका, आज मुहूर्त किती वाजताचा?" काका शांतपणे म्हणायचे, "मुहूर्त ठाऊक नाही म्हणून तर रस्ता बघून ठेवायचा."

मला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, पळता येतं का?" मी साडी नेसून गेलेले. मला वाटलं चेष्टा करतायत. मी तोऱ्यात म्हटलं, "मी कॉम्प्युटरला आहे." ते म्हणाले, "गॅसला ते कळत नाही." दुसऱ्या दिवसापासून मी सलवार-कमीज घालायला लागले, पण कारण कुणाला सांगितलं नाही.

आपल्याला भीती वाटते हे एवढ्या सरळ सांगणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या गावात बुडता बुडता वाचलेला माणूससुद्धा वर आल्यावर मिशीला पीळ देतो. काका दहा माणसांत म्हणायचे, "मला भीती वाटते." कुठलाही व्हॉल्व्ह उघडताना आधी एकच आटा फिरवायचे आणि हात पाइपवर ठेवून उभे राहायचे. कागदावर काहीही लिहिलेलं असो, पहिला अर्धा तास एकच आटा. शिफ्टचे परब साहेब वैतागायचे, "काका, तुमच्या एका आट्यात माझी शिफ्ट संपते." काका म्हणायचे, "संपू दे की. तुम्ही तर राहता."

त्यांची आणखी एक सवय होती, ती मला जास्त टोचायची. त्यांना काही सांगितलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "बघून सांगताय की आठवून?" शिपायाने सांगितलं, ड्रम आले, की हा प्रश्न. लॅबने सांगितलं, सँपल पास, की हा प्रश्न. मी ग्रॅज्युएट. माझं बोलणं कुणी असं तपासावं हे मला सहन व्हायचं नाही. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "काका, मला सगळं पाठ आहे." ते म्हणाले, "पाठ आहे म्हणूनच विचारतो. ज्याला पाठ नाही तो बघतो तरी."

आता कॉम्प्युटरचं सांगितलं पाहिजे, कारण तिथेच ती गोष्ट घडली. नव्वदीची मधली वर्षं होती. ऑफिसात माझ्या टेबलावर नवा विंडोजवाला कॉम्प्युटर आला होता. प्लँटच्या केबिनमध्ये मात्र जुना डॉसचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असलेला. लॅबमधले साहेब रंगाच्या कृतीचे कागद, म्हणजे बॅचशीट, माझ्या मशिनवर तयार करायचे आणि प्लँटवाले ते वायरीवरून आपल्या मशिनवर उघडून छापून घ्यायचे. ही जोडणी मी केलेली. वायर ओढण्यापासून सगळं. मला त्याचा फार अभिमान होता.

नव्या मशिनवर फाइलला वाटेल तेवढं लांब नाव देता यायचं. लॅबचे साहेब त्यावर खूश होते. पिवळ्या रंगाच्या दुसऱ्या टप्प्याचे दोन कागद होते, एक नव्या रिअ‍ॅक्टरचा आणि एक जुन्याचा. दोन्ही टाक्या सारख्याच मापाच्या, माल तोच, वजनं तीच. पण नवीला थंड करणारं पाणी जोरात फिरायचं, म्हणून तिच्यात अ‍ॅसिड तीन तासांत सोडलं तरी चालायचं. जुनीला नऊ तास लागायचे. साहेबांनी एक कागद केला, त्याचीच नक्कल करून एक आकडा बदलला आणि कुठला कागद कुठल्या टाकीचा हे लिहिलं ते फाइलच्या नावात, अगदी शेवटी. कागदावर टाकीचं नाव नाहीच.

आणि डॉसच्या जुन्या मशिनला लांब नाव दिसायचंच नाही. त्याची झेप आठ अक्षरांची. नाव त्याहून लांब असलं की ते पहिली सहा अक्षरं दाखवायचं, मग एक नागमोडी रेघ आणि पुढे एक आकडा. पिवळ्याचे सगळे कागद तिथे सारखेच दिसायचे: तीच सहा अक्षरं आणि एक, दोन, तीन, चार, पाच. फरक होता नावाच्या शेवटी आणि शेवट कापला गेलेला.

प्लँटवाल्यांनी तक्रार केली. मी दोन दिवस डोकं घातलं, डॉसच्या पडद्यावर लांब नाव काही उमटेना. आणि "मला जमत नाही" हे वाक्य मला तेव्हा म्हणता यायचं नाही. शेवटी मी एक युक्ती काढली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात तक्ता लिहिला. एक म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक, तीन म्हणजे पिवळा दुसरा टप्पा, जुना रिअ‍ॅक्टर. खाली माझी सही. प्लँटच्या केबिनमध्ये भिंतीवर चिकटवला. परब साहेब म्हणाले, "वा मॅडम!" काका तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "बाई, हे आकडे कोणी ठरवले?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरने." ते म्हणाले, "मग तो उद्या बदलणार नाही कशावरून? मला भीती वाटते." मी हसले. सगळ्यांबरोबर मीही हसले.

पुढे महिनाभराने माझ्या मशिनची डिस्क भरली. नवी डिस्क बसवली आणि मी जुनीवरच्या सगळ्या फाइली नवीवर उतरवल्या. एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने. ज्या रोज लागतात त्या आधी, बाकीच्या नंतर. माझ्या पडद्यावर लांब नावं जशीच्या तशी होती. मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला प्लँटमधून फोन आला. काका होते.

"बाई, जुनीला पिवळा लावलाय. तीन नंबरचा कागद छापला. त्यात अ‍ॅसिड तीन तासांत सोडा म्हणतोय. जुनीला मी कायम नऊ तास घेतलेत."

मागून परब साहेबांचा आवाज येत होता, "अहो, लॅबवाले महिनाभर सगळ्याच वेळा कमी करतायत. हीपण केली असेल. कॉम्प्युटर कशाला खोटं सांगेल?"

मी म्हटलं, "काका, तक्त्यात तीन म्हणजे जुनी टाकीच ना? मग तोच कागद बरोबर."

"बघून सांगताय की आठवून?"

माझ्यापुढे पडदा होता. हात पुढे करायचा तेवढा उशीर होता. पण त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं.

"बघून," मी म्हटलं. "बघूनच सांगतेय."

मग काका म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मी आधी दोन पत्रं टाइप केली, मग चहाचा कप उचलला. टेबलाच्या कोपऱ्यावर नव्या डिस्कचा रिकामा खोका पडलेला होता. त्या खोक्याकडे बघता बघता मी कप तसाच खाली ठेवला. काकांचा महिन्यापूर्वीचा प्रश्न आठवला. हे आकडे कोणी ठरवले? फाइली ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने मशिनने ठरवले. आणि काल मी त्या वेगळ्याच क्रमाने उतरवलेल्या.

जुन्या टाकीच्या कागदावर जाऊन मी माउसचं उजवं बटण दाबलं. फाइलची माहिती देणारी एक चौकट उघडते, त्यात डॉसमधलं नाव लिहिलेलं असतं. ते नाव मी पहिल्यांदा बघत होते. सहा अक्षरं, नागमोडी रेघ आणि पाच. पाच! तीनवर कोण मग? नव्या टाकीचा कागद उघडला. सहा अक्षरं, नागमोडी रेघ, तीन.

फोन फिरवला. घंटी वाजत राहिली. केबिनमध्ये कुणी नव्हतं, सगळे टाकीपाशी. मी फोन तसाच लोंबता टाकला आणि पळाले.

ऑफिसपासून प्लँट असेल दोन-तीनशे पावलं. त्या दिवशी ती संपता संपेनात. चप्पल कुठे गेली कळलं नाही. गेटाच्या खांबाजवळून जाताना, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, मी आपणहून त्या पट्टीकडे बघितलं. पट्टी ऑफिसच्या दिशेने ताठ उडत होती. म्हणजे वारा प्लँटकडून येत होता. काही झालं असतं तर ते माझ्या तोंडावरच येणार होतं. वाऱ्याच्या तोंडाला जायचं नसतं, हे मला बाबांनी शिकवलेलं. मी वाऱ्याच्या तोंडाला पळत होते.

जिन्याखाली पोचले तेव्हा वर काका व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे होते आणि परब साहेब शेजारी घड्याळ बघत म्हणत होते, "पंधरा मिनिटं झाली काका. उघडा आता नीट. कागदाप्रमाणे जाऊ दे."

"बंद करा!" माझा आवाज फाटला. "कागद चुकीचा आहे! नव्या टाकीचा आहे!"

काकांनी आधी व्हॉल्व्ह बंद केला. वळून माझ्याकडे बघितलं ते त्यानंतर.

मला वाटलं, सुटलो. तसं नसतं, हे मला तिथे कळलं. अ‍ॅसिड बंद झालं तरी आत पडलेलं आपलं काम करत राहतं. आणि तीन तासांच्या हिशेबाने पंपाचा जोर आधीच वाढवलेला, म्हणून त्या एका आट्यातूनही नेहमीपेक्षा जास्त पडलेलं. टाकीच्या तापमानाचा काटा पस्तिसाच्या वर जाऊ द्यायचा नसतो. तो चाळिसावर होता आणि चढत होता.

"पाळीतले सगळे खाली," काका म्हणाले. आवाज थरथरत होता पण शब्द स्पष्ट. "मागच्या गेटाने जा. पळू नका, भरभर चाला. परब साहेब, थंड पाणी पूर्ण सोडा. बाई, तुम्हीपण जा."

मी गेले नाही. शूर म्हणून नाही. काकांना वर सोडून निघवेना. लोखंडी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

काका काटा मोठ्याने वाचत होते. "एकेचाळीस." टाकीच्या झाकणाशी कुठेतरी फुसफुस आवाज यायला लागला आणि पिवळसर धूर, दोऱ्यासारखा, वर निघाला. घशात मिरची लागल्यासारखं झालं. "बेचाळीस." परब साहेब पाण्याचं चाक दोन्ही हातांनी फिरवत होते, त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. मला बाबा दिसले, कानात बोळा घातलेले. यांना कोण सांगेल? आणि काय सांगेल, पोरीने तक्ता लिहिलेला म्हणून?

"त्रेचाळीस," काका म्हणाले. मग हळूच, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "मला भीती वाटते रे."

मग ते काही बोललेच नाहीत. मी वर बघितलं तर ते काट्याच्या काचेला नाक लावून उभे.

"त्रेचाळीस," पुन्हा म्हणाले.

थोड्या वेळाने, "त्रेचाळीस."

मग खूप वेळाने, जवळजवळ कुजबुजत, "बेचाळीस."

परब साहेब तिथेच जमिनीवर बसले.

काटा तिशीच्या खाली येईपर्यंत काका जागचे हलले नाहीत. मग जिना उतरून शेवटच्या पायरीवर, माझ्या शेजारी बसले. चष्मा काढू लागले. सुतळी कानामागून निघेना, ती मी सोडवली.

"बघून सांगितलं होतंस की आठवून?" पहिल्यांदाच त्यांनी मला बाई म्हटलं नाही.

"आठवून," मी म्हटलं. "खोटं बोलले काका."

"वाटलंच मला."

"मग उघडलात कशाला?"

"एकच आटा उघडला की," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्हाला तिघांना बोलावलं. माझी नोकरी कच्चीच होती, कायम व्हायला चार महिने होते. सकाळपासून पोटात अन्न गेलेलं नव्हतं. परब साहेबांनी मला सांभाळून घ्यायचं ठरवलेलं असावं. ते म्हणाले, "सर, मशिनने नंबर आपोआप बदलले. कॉम्प्युटरची चूक आहे."

ती पळवाट माझ्यापुढे उघडी होती. मॅनेजर मान हलवतसुद्धा होते. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, बहुतेक पट्टीकडे.

"नाही सर," मी म्हटलं. "मशिनने त्याच्या नियमाप्रमाणे केलं. डिस्क बदलल्यावर नंबर तपासायचे ते मी तपासले नाहीत. आणि काकांनी फोन केला तेव्हा न बघता बघितलं म्हणून सांगितलं."

मॅनेजरांचा चेहरा बदलला. "मॅडम, तुम्हाला कळतंय का, काय झालं असतं ते?"

काका उठून उभे राहिले.

"साहेब, हिला काढू नका."

"का? तुमचाच जीव जाणार होता."

"म्हणून तर. हिच्या जागी नवीन कोण आणाल तो कालच्यासारखाच हुशार असेल. हिला आता भीती वाटते. एवढं घाबरलेलं माणूस आयतं मिळालंय, ते कशाला घालवता?"

मॅनेजर हसले नाहीत. कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "आठ दिवस. आठ दिवसांत ही नावांची भानगड कायमची मिटली पाहिजे."

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. बाबांना फाइल कळत नव्हती, पण खूण कळत होती. त्यांनी एवढंच विचारलं, "खून कुठं केलीव्हतीस?"

"नावाच्या शेवटी."

"आनि शेवट बुडतो?"

"हो. आठ अक्षरांच्या पुढचं सगळं बुडतं."

"मंग भरतीला वर ऱ्हाईल तिथं खून करायची. खुंटाच्या डोक्यावं," बाबा म्हणाले, जणू ही गोष्ट मला पदवी घेतल्यावर तरी माहीत असायला हवी होती. "बुडाशी कोन करतो?"

रात्रभर तेच डोक्यात. दोन दिवस मी लांब नाव डॉसच्या पडद्यावर कसं दिसेल याच्यामागे घालवलेले. ते दिसणारच नव्हतं. जे दिसतं तेवढ्यातच फरक बसवायचा होता.

सकाळी मी प्लँटच्या केबिनमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर तो तक्ता फाडला. काकांना म्हटलं, "काका, बसा इथे. नावं तुम्ही सांगायची." ते घाबरून म्हणाले, "मला कुठे इंग्रजी येतं?" म्हटलं, "मराठीच सांगा. मी रोमन अक्षरात लिहिते."

प्रत्येक रंगाचा एक वेगळा कप्पा केला, पिवळा, लाल, निळा. आत प्रत्येक कागदाला आठ अक्षरांच्या आतलं नाव, आणि नावात आधी फरक. काका बोटावर मोजत विचार करायचे. "जुनी नऊ तास" हे कसं बसवणार? आम्ही लिहिलं: जे, यू, एन, आय, मग नऊचा आकडा, टी, ए, एस. बरोबर आठ. काकांनी दोनदा मोजलं आणि लहान मुलासारखे हसले. नवीचंही तसंच बसलं, तीनच्या आकड्यासह. मग ते म्हणाले, "आणि पोरी, टाकीचं नाव कागदाच्या आत, वर, मोठ्या अक्षरात. फाइलचं नाव छापल्यावर कुठे दिसतंय?" लॅबच्या साहेबांनी कुरकुर केली, एवढ्या छान लांब नावांचं काय? मी म्हटलं, "सर, ती फक्त तुम्हाला दिसतात."

आठ दिवस आम्ही एकेक कागद दोन्ही मशिनवर समोरासमोर उघडून तपासला. मी ऑफिसमधून फोनवर वाचायचे, काका प्लँटमधून. आकडे, वजनं, वेळा. मधूनच ते विचारायचे, "बघून?" मी म्हणायचे, "बघून काका." एकदाही राग आला नाही.

एवढी भीती त्यांना कुठून आली हे मला पुढे कळलं. एका रविवारी डोंबिवली पूर्वेला, बागेच्या रस्त्यावर काका दिसले. एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून चालत होते. त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती. "माझा थोरला भाऊ," काका म्हणाले. "सातारकडून मला यानंच इथं आणलं, नोकरीला लावलं. दुसऱ्या एका कंपनीत होता. फार धीट होता." भाऊ हसून म्हणाले, "हिला भ्या दाखवू नको रे." काका त्यांना रस्त्यातलं सगळं सांगत होते. डावीकडे उसाचं गुऱ्हाळ, पुढे खड्डा आहे, समोरून सायकल येते आहे. जे दिसतं तेच. त्यात एक अक्षर आठवून सांगितलेलं नव्हतं.

काका निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे झाले. परब साहेब भाषण करायला उभे राहिले आणि "काका, तुमचा एक आटा" एवढं म्हणून खाली बसले. मी काकांना गेटापर्यंत सोडायला गेले. खांबाजवळ काका थांबले, पट्टी सोडून खिशात घालतील असं मला वाटलं. त्यांनी खिशातून एक नवी कोरी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

"जुनी विरलीये. ही बांध."

मी वर चढून ती बांधली. ते खालून बघत होते. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून उलटसुलट बघितले, डोळ्यांवरून फिरवले.

"दोन हात, दोन डोळे," म्हणाले. "एवढंच घेऊन जायचं होतं गं. मला वाटत नव्हतं जमेल." आणि निघाले. मला म्हणाले नाहीत की सांभाळून राहा. त्याची गरज राहिली नव्हती.

भाऊ गेल्यावर ते गावी परतले आणि काही वर्षांनी तिथेच म्हातारपणाने, झोपेत गेले. बातमी आली तेव्हा मी पट्टी बदलायलाच निघालेले. पुढे डॉसचं मशिन गेलं, सगळीकडे लांब नावं दिसायला लागली. नवीन मुलं विचारायची, मॅडम, अजून आठ अक्षरं कशाला? मी म्हणायचे, मला भीती वाटते. ती हसायची.

त्या कारखान्यात मी बावीस वर्षं काम केलं. त्या दुपारनंतर तिथे चुकीच्या कागदावर एकही बॅच चालली नाही आणि आमच्या प्लँटमधला एकही माणूस दोन हात, दोन डोळे घेतल्याशिवाय घरी गेला नाही.